बर्फवाले डाक्टर

रेवा, ईशान,

परवा फोनच्या पडद्यावर तुम्ही दोघं पोट धरून हसलात. तुमच्या बाबानं गोष्ट सांगितली होती. गोंदियाला आपल्या गल्लीत कुत्र्यांचा एक पागल डॉक्टर होता, त्यानं लस बर्फात गोठवली, तशीच कुत्र्यांना टोचली, आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'बर्फवाले डाक्टर'. तुम्ही हसलात, बाबा हसला, तुमचं नवं पिल्लूसुद्धा पडद्याला नाक लावून बघत होतं. तेवढ्यात फोन बंद झाला. तुम्हाला वाटलं आजीकडचं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. मी फोन बंद केला.

राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. त्या गोष्टीत एक वाक्य खोटं आहे. ते मी इतकी वर्षं खोटंच राहू दिलं. मेलेल्या माणसाची अब्रू तुमच्या घरात जेवणाच्या टेबलावर हसण्यावारी जाते, ती माझ्यामुळे जाते. ती परत आणून ठेवायची आहे. पत्र लांबेल. बाबाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तो गडबडीत ओळी गाळतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. त्यांना स्वतःला माणसांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. गल्लीतल्या माणसांना ते कुत्र्यांवरून ओळखत. कोणी 'शेरूचा बाप', कोणी 'काळीची माय'. बँकेच्या मॅनेजरना भर रस्त्यात "ओ टॉमीचे काका, टॉमीचे जंत पडले का जी?" असं त्यांनी विचारलेलं मी ऐकलं आहे. मॅनेजरसाहेबांबरोबर तेव्हा त्यांचे व्याही होते.

आणि ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ते व्रणोपचारक होते. म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा माणूस. मोठे डॉक्टर गाईम्हशींमध्ये अडकलेले असत. कुत्रं घेऊन कोणी गेलं की हात हलवून यांच्याकडे पाठवत. शहर संपून मुर्री गावाच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, जिथे सुरू होतात, तिथवर सगळी कुत्री यांच्या वाट्याला आलेली. लूनावर बसून फिरायचे. हँडलला खाकी पिशवी, पिशवीला कडुनिंबाच्या तेलाचा वास. तो वास गल्लीच्या तोंडाशी आला की आपली डेझी पलंगाखाली जायची आणि मी तोंड वाकडं करायची.

आमची पहिली भेट डेझीच्या कानावरून झाली. ती सारखं डोकं झटकत होती. ते आले, माझ्याकडे पाहिलं नाही, नमस्कार नाही, सरळ खाली बसून त्यांनी तिच्या कानात नाक घातलं.

"सडला आहे," ते म्हणाले. "आंघोळ कितींदा घालता?"

"रोज," मी अभिमानानं सांगितलं.

"कायले?"

"स्वच्छतेसाठी."

"तुमच्या कानात रोज बालटीभर पाणी ओतू का जी मी? स्वच्छतेसाठी?"

मी सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. वर्गात माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मी उठून डेझीची वही आणली. तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, प्रत्येक गोष्टीची वही असते. तारीख, वजन, सकाळचं खाणं, संध्याकाळचं खाणं, शी कशी झाली, सगळे रकाने आखलेले. त्यांनी चार पानं उलटली.

"सकाळी आठ, दूध-टोस्ट. संध्याकाळी आठ, दूध-टोस्ट." त्यांनी वही मिटली. "टाइम एकदम बरोबर आहे. पण कुत्रं घड्याळ खाते का मॅडम? टोस्ट चहाचा आहे. तो चहाले द्या."

मला इतका राग आला की त्यांनी दिलेलं औषध मी दोन दिवस उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी घातलं. आठव्या दिवशी कान बरा झाला. त्याचाही राग आला.

तुम्ही पिल्लासाठी मला विचारलंत ना, आजी काय देऊ आणि काय नको? मला जे ठाऊक आहे ते सगळं त्यांनी ओरडून शिकवलेलं आहे. भात द्या, पण नुसता नाही. अंडं, मासोळी, उकडलेलं मटण मिसळून द्या. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, चॉकलेट नको, द्राक्षं नकोत. कोंबडीचं शिजवलेलं हाड कधीही नको, ते चिरून आत टोचतं. पहिल्या काही महिन्यांत जंतांचं औषध लवकर लवकर. गोचिडी हातानं ओढून काढायच्या असतील तर मुळाशी धरून, सरळ. घरात शू केली तर मारायचं नाही, कारण आपण का मारतो आहोत हे त्याला कळत नाही. ते म्हणत, "त्याले फक्त एवढंच समजते का मालक वाईट आहे." तुमच्याकडचे डॉक्टर हेच सांगतील, जरा हळू आवाजात.

साखळीची गोष्ट तुमच्या बाबाला माहीत आहे, पण तो ती सांगत नाही. त्यात हसं दुसऱ्याचं होतं. राइस मिलच्या सेठजींचा अल्सेशियन त्यांच्या मुनीमजींना चावला. सेठजींनी या डाक्टरांना बोलावलं. मी शेजारच्या दुकानात तांदळाची कणी घ्यायला गेले होते, ती तशीच उभी राहिले.

"डाक्टर साहब, पागल हो गया क्या ये? एकदम काटता है."

यांनी कुत्र्याकडे नाही, साखळीकडे पाहिलं. वितीनं मोजली. सहा विती भरली. मग कुत्र्याला सोडून स्वतःच्या हातात धरलं आणि खुंट्याजवळच्या जागेकडे बोट दाखवलं.

"सेठ, बैठो यहाँ."

"क्या?"

"दस मिनट. छे बित्ते के अंदर. इलाज इसी में है."

आणि सेठजी बसले हो! इलाज म्हटल्यावर माणूस काहीही करतो. एप्रिलचं ऊन, खाली तापलेला फरशीचा तुकडा, समोर मिलमधले हमाल रांगेनं उभे. चौथ्या मिनिटाला सेठजी उठले आणि त्यांनी यांना आईवरून शिवी दिली.

"देखा?" हे शांतपणे म्हणाले. "चार मिनट में आप गाली पे आ गए. वो चार साल से बैठा है. उसने सिर्फ काटा."

दुसऱ्या दिवशी मिलच्या अंगणाला लांब तार बांधली गेली आणि तिच्यावर सरकत्या साखळीनं कुत्रा अंगणभर धावू लागला. यांना मात्र मिलची पायरी बंद झाली.

अशा किती पायऱ्या त्यांना बंद होत्या! कुत्रा चावलेल्या माणसाच्या पाठीला काशाची थाळी चिकटवून विष उतरवणारा एक म्हातारा पलीकडच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, होता. थाळी पाठीला चिकटली म्हणजे विष आहे, गळून पडली म्हणजे उतरलं. यांनी एकदा त्याच्या दारातून माणूस उठवला, पाठीवरच्या थाळीसकट लूनावर बसवला आणि सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं सुरू केली. थाळी परत केली नाहीच. त्यांच्या घरी त्यांचं म्हातारं लंगडं कुत्रं त्या थाळीत पेज प्यायचं. टोलीतल्या लोकांनी महिनाभर त्यांच्यावर शिव्यांची बरसात केली. त्यांनी काहीच ऐकलं नसल्यासारखं केलं. त्यांना शिव्या ऐकू येत नसत आणि त्यांच्या शिव्या मात्र सगळ्यांना ऐकू येत, ही माझी मोठी तक्रार होती.

सगळ्या वस्तीत त्यांना एकच मालकीण पसंत होती. जमुनाबाई. ती धिवरांची, तळ्यावरून मासोळी आणून दारोदार विकायची. टोपलीच्या मागे तिचा लाल्या. तांबडा, कान तुटका, चकचकीत. जमुनाबाई त्याला माशांची डोकी उकडून भातात कालवून द्यायची.

"हे पाहा," ते लाल्याच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणायचे. "हे पाहा मॅडम. न शिकलेल्या बाईचं कुत्रं."

जमुनाबाई पदर तोंडाला लावून हसायची. "राहू द्या ना डाक्टर, कायले बाईले बोलता? बाईची डेजी का वाईट आहे? थोडी जाडी आहे, बस."

आता ती गोष्ट.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. त्या उन्हाळ्यात दरेकश्याच्या जंगलाकडून, रुळांच्या बाजूनं, पिसाळलेलं कुत्रं आल्याच्या बातम्या रोज येत होत्या. दवाखान्याचा फ्रिज बंद पडलेला. डाक्टरांनी कुठून कुठून मागून लस गोळा केली होती, आणि ती ठेवायला जागा नव्हती. ते माझ्याकडे आले. ज्या बाईला येता-जाता बोलत होते, तिच्याचकडे आले.

"तुमच्याकडे फ्रिज आहे. तुम्ही शिकलेल्या आहा. नीट ठेवान."

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. मी वही उघडली. "कशी ठेवायची? नक्की किती थंड?"

ते लूना सुरू करत होते. "मडक्याहून थंड, बर्फाहून गरम," ओरडले आणि गेले.

मी वहीत लिहिलं: थंड ठेवणे. बाकीचं लिहिलं नाही. मला ते त्यांचं नेहमीचं तोंडाळ बोलणं वाटलं. त्यात आकडा नव्हता, अंश नव्हते. मडकं हे काय माप झालं?

लसीच्या बाटल्यांचा पुठ्ठ्याचा खोका भिजून लिबलिबीत झाला होता. मला फ्रिजमध्ये असला पसारा चालत नाही. बाटल्या काढून मी स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी लावली आणि खोका फेकून दिला. वीज गेली की फ्रिजचं खालचं सगळं कोमट व्हायचं, बर्फाच्या कप्प्यात मात्र गारवा टिकायचा. म्हणून डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवला. थंड ठेवायची गोष्ट अजून थंड ठेवली तर चांगलंच, असं मला वाटलं. शिबिराच्या दिवशी पहाटे डबा काढला तेव्हा बाटल्या दगडासारख्या झाल्या होत्या. मी त्या ताटात मांडून विरघळवल्या. आपण किती नीट काम केलं याचंच मला कौतुक.

शिबिर आपल्या अंगणात झालं. एकतीस कुत्री. दोऱ्या, साखळ्या, नाड्या, एकाला तर जुन्या धोतरानं बांधून आणलेलं. भुंकणं, गुरगुरणं, मुतणं. यांनी सकाळी थर्मासमधून आणखी बारा बाटल्या आणल्या होत्या. त्या आधी संपवल्या, मग माझ्या डब्यातल्या. नेहमी ते प्रत्येक बाटली उजेडाकडे धरून बघत. त्या दिवशी दोन कुत्र्यांची झुंज लागलेली होती, एका हातानं मान धरून दुसऱ्या हातानं टोचत होते. बघायला सवड नव्हती. मी बाजूला टेबलावर रजिस्टर लिहीत होते. कुत्र्याचं नाव, मालक, आणि बाटली थर्मासमधली की डब्यातली. बारा थर्मासच्या, एकोणीस डब्याच्या. डेझीला डब्यातली. लाल्याला डब्यातली. लस टोचून घेताना लाल्यानं हूं केलं नाही.

लोक गेले. तुमचे आजोबा नागपूरला गेलेले, घरात मी एकटी. ते हात धुवायला स्वयंपाकघरात आले. उरलेल्या तीन बाटल्या मी डब्यात घालून परत वर ठेवत होते.

"हे कुठं ठेवून राहिल्या तुम्ही?"

"जिथे होत्या तिथेच."

त्यांनी ओल्या हातानं एक बाटली घेतली आणि खिडकीकडे धरली. तळाशी पांढरे कण बसले होते, फाटलेल्या दुधासारखे. त्यांनी हलवली. कण गेले नाहीत.

"मडक्याहून थंड, बर्फाहून गरम. सांगितलं होतं का नाही?"

"तुम्ही गंमतीनं..."

"खोका कुठं आहे?"

"टाकला. खराब झाला होता."

"त्याच्यावर लिहिलेलं होतं! डू नॉट फ्रीझ! तीन शब्द! इंग्रजीत होते म्हून तं तुमच्याकडे ठेवली ना जी! मले वाचता येतात ते तीन शब्द. तुम्हाले नाही आले?"

बाटली त्यांनी मोरीत फोडली. मग दुसरी. मग तिसरी. गोठलेली लस मेलेली असते, पाण्याच्या लायकीची असते, टोचली काय आणि न टोचली काय, हे त्यांनी मला फुटक्या काचांवर उभं राहून सांगितलं.

"रजिस्टर द्या. कोणाकोणाले हे पाणी टोचलं ते पाहायचं आहे. परत टोचावं लागन."

तिथेच मी रजिस्टर दिलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. मी चुकले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणूनच मी दिलं नाही.

"आधी आवाज खाली करा," मी म्हटलं. "माझ्या घरात माझ्याशी असं बोलायचं नाही. नीट बोलायला शिकलात की या. रजिस्टर माझं आहे."

त्यांनी आवाज खाली केला नाही. मी दार लावून घेतलं.

चार दिवस. रोज सकाळी ते फाटकाशी येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. "रजिस्टर!" एवढंच ओरडायचे. मी ओसरीत पेपर तोंडासमोर धरून बसायची. गल्लीतले लोक गंमत बघायचे. "डाक्टर आज मॅडमच्या मागे लागले." "हिसाब चुकला वाटते." मध्येच लूना घेऊन आठवणीवर घरोघर जायचे, तर लोक हाकलायचे. "परवाच तं टोचली ना जी! पागल झाले का?"

त्या चार दिवसांत, गल्लीत उभं राहून इतकं ओरडूनही, रजिस्टर कशाला हवं ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. एका वाक्यात माझी इज्जत गेली असती. हे मला तेव्हा लक्षातच आलं नाही. मी त्यांना असभ्य म्हणत होते.

पाचव्या दिवशी ते ओरडले नाहीत. फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, डेजीले पण त्यातलीच लागली आहे ना? मले आठवते."

मी उठले आणि रजिस्टर दिलं. स्वतःचं कुत्रं निघालं तेव्हा दिलं. हे वाक्य गाळू नकोस असं तुमच्या बाबाला सांगा.

त्यांनी एकोणीसच्या एकोणीस घरं पालथी घातली. विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, सगळ्यांना परत टोचलं. जमुनाबाईचं घर शेवटी. ती लेकीकडे अर्जुनी मोरगावला गेली होती, त्याच दिवशी परतलेली. लाल्याच्या मागच्या पायावर खपली होती.

"हे काय आहे?"

"काही नाही जी. शिबिर झाल्यावर, जायच्या आधल्या दिवशी तळ्यावर एका बाहेरच्या कुत्र्यानं चावलं थोडं. हळद लावली." जमुनाबाई हसून म्हणाली, "मी कायले भिऊ? बाईच्या अंगणात लस टोचली ना त्याले."

बाईच्या अंगणात. ते शब्द त्यांनी मला येऊन सांगितले, जसेच्या तसे. 

लाल्याला त्यांनी स्वतःच्या अंगणात लांब साखळीवर वेगळं ठेवलं. जमुनाबाई आणि ते, दोघांनी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू केली. जमुनाबाई रोज माशांची डोकी आणायची आणि लांबून सरकवायची. दीड महिना लाल्या ठणठणीत होता. आता वाचला, असं मी म्हणायला लागले होते. मग एका सकाळी त्यानं माशाच्या डोक्याला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बदलला. तिसऱ्या दिवशी जबडा लोंबू लागला, पाण्याकडे बघायचा आणि गिळता यायचं नाही. मोठे डॉक्टर जीपमधून आले आणि त्यांनी लाल्याला कायमचं झोपवायची सुई दिली. जमुनाबाई फाटकाबाहेर टोपली घेऊन बसली होती. टोपलीत त्या दिवशीचा भात होता.

"लस टोचून बी पागल झाला!" ही बातमी तासाभरात सगळीकडे गेली. त्यांच्या दारात पन्नास माणसं जमली. ज्यांनी परत टोचून घेताना कुरकुर केली होती ते आता ओरडत होते. एकानं त्यांच्या शर्टाची कॉलर धरली. मीही तिथे होते. पिशवीत रजिस्टर होतं. सगळं सांगायचं असं ठरवूनच मी घरातून निघाले होते. पहिलं वाक्यही जुळवलेलं होतं.

"कायची लस होती? पाणी होतं का?"

"हो, पाणी होतं," ते म्हणाले. कॉलर सोडवली नाही. "बर्फात गेली होती. माझ्या हातानं टोचली. माझी चूक आहे. आता सगळ्यांले चांगली टोचली आहे, घाबरू नोका."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे.

"मॅडम, लिहून घ्या," ते ओरडले. "दोन रविवारांनी परत शिबिर. मोठे डॉक्टर स्वतः टोचतीन. मॅडमच्या अंगणात. लस डॉक्टर आणतीन, लिहिणं मॅडमचं. ज्यांले यायचं ते नावं सांगा."

लोक माझ्याकडे वळले. "लिहा ना बाई. आमच्या शेरूचं लिहा." मी पिशवीतून रजिस्टर काढलं, मान खाली घातली आणि नावं लिहू लागले. जमुनाबाई तिथेच होती. तिनं नाव सांगितलं नाही. सांगायला कुत्रं नव्हतं.

तेव्हापासून ते बर्फवाले डाक्टर.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी भांडायला गेले. अंगणात लाल्याची साखळी अजून पडलेली होती.

"तुम्ही खोटं काऊन बोलला?" रागात मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"टोचणारा हात माझा होता का नाही? मी पाहिलं का बाटलीकडे? मंग खोटं काय आहे?"

"बर्फात मी ठेवली."

"मालूम आहे मले." ते थाळीत पेज ओतत होते. "तुमचं नाव सांगितलं असतं तं पुढच्या खेपेले कुत्रे कोण आणते? लोक तुमच्या अंगणात येतात. माझ्यावर भरोसा होता कधी? जे नव्हतंच ते गेलं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. चार दिवस फाटकात उभं राहून विचारलं होतं."

 मग जे विचारायला खरं तर गेले होते ते विचारलं. पहिल्याच दिवशी रजिस्टर दिलं असतं तर लाल्या वाचला असता का?

त्यांनी थाळी लंगड्या कुत्र्यापुढे सरकवली. "मालूम नाही जी," असं म्हणाले. ओरडले नाहीत. मला वाटलं त्यांनी ओरडावं.

मी घरी येऊन त्यांच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. उत्तम इंग्रजीत, मुद्देसूद, चार प्रती. चूक माझी, शिक्षा यांना नको. तीन प्रती त्यांच्या हातात नेऊन दिल्या, कार्यालयात द्या म्हणून. त्यांनी एक प्रत ओठ हलवत शेवटपर्यंत वाचली, "अक्षर मस्त आहे," म्हणाले आणि तिन्ही खाकी पिशवीत टाकल्या. त्या त्यांनी कुठेच दिल्या नाहीत. महिन्याभरात त्यांची बदली दरेकश्याकडे झाली. काही वर्षांनी तिकडेच ते वारले. जमुनाबाई पुन्हा मासोळी घेऊन यायची, पण मागे कुत्रं नसायचं. तिनं दुसरं पाळलं नाही. माझ्याकडे कधी शब्दानं तक्रार केली नाही, आणि तिला खरं काय ते मी कधी सांगितलं नाही. आता तीही नाही.

इतकी वर्षं मी त्यांच्यावर रागावून होते. माझी चूक त्यांनी न विचारता उचलून नेली म्हणून. मला गप्प बसवलं म्हणून. पण मला गप्प कोणी बसवलं होतं? चौथी प्रत माझ्याकडे होती. टपालपेटी गल्लीच्या तोंडाशी होती, डेझीला फिरवताना रोज सकाळी मी तिच्यावरून जायची. पाकिटावर पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. ते पाकीट मी टाकलं नाही. शिबिरं माझ्या अंगणात होत राहिली, लोक मला मानत राहिले, पेपर माझ्या तोंडासमोरच राहिला.

ती चौथी प्रत या पत्रासोबत ठेवली आहे. तिकीट जुनं आहे, कागद पिवळा पडला आहे, इंग्रजी तुम्हाला नीट कळेल.

पिल्लाची लस चुकवू नका. डॉक्टरांच्या हातात बाटली असेल तेव्हा ती उजेडाकडे धरायला सांगा, ते हसले तरी सांगा. आणि रविवारी फोन कराल तेव्हा बाबाला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावा, पहिल्यापासून. लस बर्फात कोणी ठेवली तिथे तो आला की त्यानं माझं नाव घ्यायचं. तुम्ही हसलात तरी चालेल. या वेळी मी फोन ठेवणार नाही.

आजी